दोन क्रेडिटची तूट

चोपडा तालुक्यातील आमच्या गावात ‘मानव विकास’ हे शब्द उच्चारले की लोकांच्या डोळ्यांसमोर निळ्या रंगाची एसटी उभी राहते. ग्रामीण भागातील मुलींना शाळेपर्यंत मोफत पोहोचवणाऱ्या त्या बसला सगळे त्याच नावाने ओळखतात आणि मी स्वतः आठवीपासून बारावीपर्यंत तिच्यातूनच ये-जा केली. त्यामुळे बारावीनंतर जळगावला जाऊन मानव विकास या विषयात पदवी घेणार असल्याचे मी सांगितले, तेव्हा शेजारच्या आजींनी अगदी गंभीरपणे विचारले, “मंग तू बस चालावशी का वं?” त्यांना मी काय उत्तर दिले ते आता आठवत नाही, पण पुढची तीन वर्षे हा विषय नेमका काय आहे हे मला अनेकांना समजावून सांगावे लागले. गृहविज्ञानाची ही एक शाखा आहे. गर्भधारणेपासून वार्धक्यापर्यंत माणूस शरीराने, बुद्धीने, भाषेने आणि भावनेने कसा घडत जातो याचा तीत अभ्यास होतो. पूर्वी याच विषयाला बालविकास म्हणत असत. नंतर किशोरवय, प्रौढत्व आणि म्हातारपणही त्यात आल्यामुळे नाव बदलले.

हे लिहिण्याचे कारण मात्र विषयाची ओळख करून देणे हे नाही. पदवी मिळण्यासाठी काय काय पूर्ण करावे लागते, हे मला पाचव्या सत्राचा निकाल हातात आल्यानंतर कळले, आणि तेही परीक्षा विभागाच्या खिडकीवर. सगळ्या विषयांत उत्तीर्ण असूनही पदवी अडू शकते, ही गोष्ट मला तोवर कोणी सांगितली नव्हती, आणि खरे सांगायचे तर मीही कधी विचारली नव्हती.

आमच्या घरात शिक्षणाचा हिशेब साधा होता. पेपर सुटले की वर्ष सुटले, तीन वर्षे सुटली की पदवी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनाने एप्रिल २०२३ मध्ये जो आराखडा ठरवून दिला, त्यात हा हिशेब चालत नाही. त्यानुसार आमच्याकडे प्रत्येक सत्राचे २२ श्रेयांक असतात, ज्यांना आम्ही सगळे क्रेडिटच म्हणतो, आणि सहा सत्रे मिळून १३२ क्रेडिट झाल्याशिवाय तीन वर्षांची पदवी होत नाही. चौथे वर्ष करून ऑनर्स घ्यायचे तर हा आकडा १७६ होतो. वर्गात शिकवायच्या विषयाला १५ तासांचे एक क्रेडिट आणि प्रात्यक्षिकाला ३० तासांचे एक, इतके समजले तरी अर्धी गोष्टच समजलेली असते. उरलेली अर्धी अशी की हे १३२ कुठूनही गोळा करून चालत नाहीत. ते ठरलेल्या खणांत ठरलेल्या संख्येने बसावे लागतात. मुख्य विषयाचा खण सर्वांत मोठा. त्यानंतर मायनर म्हणजे दुय्यम विषय, व्यवसाय कौशल्य, कौशल्यवृद्धी, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प, समुदाय सहभाग, प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण म्हणजे ओजेटी, आणि राष्ट्रीय सेवा योजना, खेळ, योग यांसारखे सहशालेय उपक्रम. या सगळ्यांच्या मध्ये ओपन इलेक्टिव्ह नावाचा एक लहानसा खण आहे, आणि माझी तूट तिथे निघाली.

ओपन इलेक्टिव्ह हा विषय आपल्या विद्याशाखेच्या बाहेरचा असला पाहिजे, असा नियम आहे. विज्ञानाच्या मुलाने थोडे अर्थशास्त्र किंवा संगीत शिकावे, वाणिज्याच्या मुलीने थोडे पर्यावरण शिकावे, हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. गृहविज्ञान हे आंतरविद्याशाखीय अभ्यास या विद्याशाखेत मोडते. दुसऱ्या सत्रात आमच्या महाविद्यालयाने फलकावर जी यादी लावली होती, तिच्यात ‘पोषण आणि आरोग्य’ हा दोन क्रेडिटचा विषय होता. तो मी घेतला, आवडीने अभ्यासला आणि चांगल्या गुणांनी उत्तीर्णही झाले. हा विषय गृहविज्ञानाचाच, म्हणजे माझ्याच विद्याशाखेचा आहे, हे यादी लावणाऱ्यांच्या लक्षात आले नाही, अर्ज तपासणाऱ्यांच्या लक्षात आले नाही आणि माझ्या तर येण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही अकरा जणींनी तो घेतला होता. दीड वर्षानंतर विभागातील मॅडम प्रत्येकीचा खणवार तक्ता करू लागल्या, तेव्हा अकराही जणींच्या तक्त्यात त्या एका चौकोनात दोनाची कमतरता दिसली. खिडकीवरच्या बाबूंनी मला जे वाक्य ऐकवले ते मी विसरू शकत नाही: “तुम्ही पास आहात, पण डिग्री होणार नाही.”

त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट उघड झाली. सर्व क्रेडिट ज्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा व्हायला हवेत, त्या माझ्या खात्यात पहिल्या वर्षाचे ४४ दिसतच नव्हते. आधार कार्डावर वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने वेगळे होते आणि बारावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, असा आणखी एक घोळ होता. हे खाते डिजिलॉकरमधून आधारवरच उघडले जाते, त्यामुळे महाविद्यालयाने पाठवलेली माहिती माझ्या नावाशी जुळत नव्हती. चोपड्याच्या आधार केंद्रावर दोन फेऱ्या, शाळा सोडल्याचा दाखला, आणि सुमारे तीन आठवडे वाट पाहणे, एवढ्यावर हे प्रकरण मिटले. पहिल्याच वर्षी स्वतःचे खाते उघडून पाहण्याची सवय लावली असती तर हा मनस्ताप वाचला असता.

दोन क्रेडिटचे मात्र असे मिटणारे नव्हते. दोन वाटा होत्या. एक, स्वयम् या केंद्र शासनाच्या संकेतस्थळावरचा एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम करून त्याचे क्रेडिट जोडून घेणे. पण त्याची परीक्षा केव्हा होईल आणि निकाल आमच्या निकालाच्या आधी लागेल की नंतर, याची खात्री कोणी देईना. दुसरी, सहाव्या सत्रात पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर बसून वाणिज्य विभागाचा ‘वैयक्तिक अर्थनियोजन’ हा विषय करणे. आम्ही अकराही जणींनी दुसरी वाट धरली. म्हणजे इतरांना २२ क्रेडिटचे असलेले शेवटचे सत्र आमच्यासाठी २४ चे झाले, आणि त्या तासिका मंगळवारी व शुक्रवारी सकाळी होत्या. आम्ही वर्गात शिरलो की पहिल्या वर्षाची मुले अंग चोरून सरकत आणि “ताई, बसा” म्हणत. सुरुवातीला याची लाज वाटे, नंतर सवय झाली. सर चांगले शिकवत. चक्रवाढ व्याजाचे उदाहरण त्यांनी पीककर्जावर मांडून दाखवले, तेव्हा वडील दरवर्षी मार्चअखेर इतके अस्वस्थ का असतात हे मला प्रथमच आकड्यांत समजले. तक्रार आहे ती विषयाबद्दल नाही. त्या दोन सकाळींनी माझ्या ओजेटीचे वेळापत्रक कसे फाडून टाकले, याबद्दल आहे.

ओजेटी चार क्रेडिटची, म्हणजे १२० तासांची होती. मी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावरची अंगणवाडी मागून घेतली. वर्गातील मुलींनी जळगावातल्या खासगी नर्सरी निवडल्या, कारण तिथे पंखा असतो आणि प्रमाणपत्र छापील मिळते. मला मात्र आमच्या पाठ्यक्रमात वाचलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम डोक्यात होते. बोर्डी येथे १९४५ मध्ये आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांची बालवाडी मुलांच्या अंगणातच नेली, महागड्या साधनांऐवजी शंख, शिंपले, पाने, बिया वापरल्या. अंगणवाड्या ज्या योजनेत चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, त्याच्या तीस वर्षे आधीची ही गोष्ट. परीक्षेत हे सगळे मी पाठ करून लिहिले होते. एकदा जागेवर जाऊन पाहावे, एवढीच इच्छा होती.

रोज चार तास, म्हणजे तीस दिवस. आठवड्यातील दोन सकाळी जळगावला गेल्यावर सोमवार, बुधवार, गुरुवार आणि शनिवार उरत. सकाळी गावातून जीप पकडायची, फाट्यापासून पुढे दोन किलोमीटर चालायचे आणि प्रार्थना सुरू होण्याआधी पोहोचायचे. सेविकाताई शिस्तीच्या होत्या. वजन-उंची, दंडघेर, हजेरी, पोषण ट्रॅकर या मोबाइल अॅपवरची नोंद, गरोदर मातांच्या भेटी आणि त्यातून उरलेल्या वेळात मुलांना शिकवणे, असा त्यांचा दिवस असे. कुपोषण ओळखण्यासाठी दंडघेर मोजण्याची पट्टी मी वर्गात बाहुलीच्या दंडावर लावून पाहिली होती, ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, तिथपासून १२.५ पर्यंत पिवळा, त्यावर हिरवा. खऱ्या मुलाच्या दंडावर ती गुंडाळताना पट्टी किती घट्ट ओढायची यावरून रंग बदलू शकतो, हे बाहुलीवर कळत नाही. माझी पहिली तीन मापे सेविकाताईंनी पुन्हा घ्यायला लावली. अमृत आहार योजनेतील अंडे किंवा केळे द्यायच्या दिवशी हजेरी भरगच्च असे.

अडचण फेब्रुवारीच्या शेवटी आली. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतो. पावरा समाजाचे लोक नवे कपडे, दागिने, ढोल, बासऱ्या घेऊन गावोगावच्या बाजाराला जातात, आणि त्या दिवसांत पाड्यावर म्हातारी माणसे तेवढी उरतात. अंगणवाडी उघडी, सेविकाताई हजर, मी हजर, मुले नाहीत. मूलच नसेल तर निरीक्षणाचे तास कसले मोजायचे, असे मार्गदर्शक मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितले. बारा तास हातचे जात होते आणि पुढे भरून काढायला दिवस नव्हते. शेवटी सेविकाताईंनीच तोड काढली: गृहभेटी हाही ओजेटीचाच भाग आहे, तर ज्या घरी म्हातारी माणसे आहेत त्या घरी जाऊन मुलांच्या संगोपनाची माहिती घ्यावी. त्या बारा तासांत मला आज्यांकडून जे ऐकायला मिळाले, ते प्रौढत्व आणि वार्धक्य या पेपरात कुठेही नव्हते; पण ते लिहायला वेगळा लेख लागेल.

मुख्य प्रसंग त्याआधीचा, जानेवारीतला आहे. निरीक्षणासाठी मी चार वर्षांची एक मुलगी निवडली होती. आईची संमती घेतली होती आणि जर्नलमध्ये तिच्या नावाऐवजी ‘क’ हे अक्षर वापरायचे ठरवले होते. विभागाच्या प्रयोगशाळेतून मी वीस चित्रांचा तक्ता नेला होता: सफरचंद, छत्री, आगगाडी, जहाज, मोर, कोंबडी, घड्याळ आणि असेच पुढे. चार वर्षांच्या मुलाने नेहमीच्या वस्तूंची नावे सांगावीत, चार-पाच शब्दांची वाक्ये बोलावीत, स्वतःचे नाव सांगावे, असे पडताळासूचीत लिहिलेले असते. क ने वीसपैकी तीन चित्रे ओळखली आणि पुढे ती माझ्याकडे न पाहता माझ्या पिशवीच्या बंदाकडे पाहत राहिली. मी दोनदा विचारले, गोड बोलून विचारले, आणि मग शाईने जर्नलमध्ये लिहिले: भाषिक विकास अपेक्षेपेक्षा मागे.

मदतनीस ताई तेव्हा खिचडीसाठी डाळ निवडत होत्या. त्या स्वतः पाड्यावरच्या. ताट बाजूला ठेवून त्या आमच्याजवळ उकिडव्या बसल्या आणि तोच तक्ता पुढे ओढून त्यांनी पावरी बोलीत विचारायला सुरुवात केली. क ने चौदा चित्रांची नावे सांगितली. सफरचंदाला ती बोर म्हणाली, आणि तो आकार पाहता मला ते चूक म्हणवेना. जहाजापाशी ती थांबली. तिने जहाज पाहिलेले नाही आणि मीही पाहिलेले नाही. कोंबडीपाशी मात्र ती नाव सांगून थांबली नाही. ती बराच वेळ बोलत राहिली, हात हलवत, मध्येच उठून उभी राहून. मदतनीस ताईंनी मराठीत सांगितले की तिच्या आत्याची अशीच एक कोंबडी होती, ती रात्री मुंगसाने नेली, आणि आता पिल्लांना आत्या टोपलीखाली झाकते. मागची गोष्ट, तिचे कारण आणि आताची परिस्थिती, इतके सगळे त्या एका दमात आले होते. भाषेत मागे असलेले मूल असे बोलत नाही. मागे होता तो माझा तक्ता, आणि तक्त्यापेक्षाही माझा प्रश्न, कारण मी तिला ज्या भाषेत तपासले ती तिच्या घरातली नव्हती.

जर्नलमध्ये पान फाडायचे नाही, खोडरबर वापरायचे नाही, चूक झाली तर एका सरळ रेघेने खोडून तारीख आणि सही करायची, असा आमच्या विभागाचा नियम आहे. मी ते वाक्य तसे खोडले. त्याखाली दुसऱ्या चाचणीची नोंद लिहिली, कोणी कोणत्या भाषेत विचारले तेही लिहिले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी जर्नल चाळताना बरोबर त्याच पानावर बोट ठेवले आणि ही रेघ कशाची म्हणून विचारले. मी सगळे सांगितले आणि, कबूल करते, थोडे अभिमानानेच सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पहिल्यांदा मूल बोलले नाही, तेव्हा त्याला ऐकू येते का, हे पाहिले होते का?” मी पाहिले नव्हते. पावरीत बोलली म्हणजे कान ठीक, असे मी नंतर गृहीत धरले होते; पण पहिले वाक्य लिहिताना माझ्या मनात ना भाषेचा विचार आला होता ना कानाचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते आणि त्यांच्या नोंदी सेविकाताईंच्या कपाटात असतात, हे मला ठाऊक होते; त्या उघडून पाहायला पाच मिनिटे लागली असती. बाईंनी पुढे काही विचारले नाही. गुण चांगले मिळाले. त्या प्रश्नासाठी किती कापले असतील, याचा अंदाज मी अजून करते.

येथे एका मैत्रिणीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पहिले वर्ष संपताच तिचे लग्न झाले. नव्या पद्धतीत एका वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका मिळते, असे आम्हाला प्रवेशाच्या वेळी मोठ्या कौतुकाने सांगण्यात आले होते. परंतु त्यासाठी ४४ क्रेडिटखेरीज चार क्रेडिटचे कौशल्याधारित काम उन्हाळ्यात पूर्ण करावे लागते, ही अट तिच्यापर्यंत पोहोचलीच नाही. मे महिन्यात, हळदीच्या धामधुमीत, ते तिने केले असते का हा प्रश्न वेगळा. पण तिच्या हातात आज कागद नाही. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते, असे केंद्रीय आराखडा सांगतो. हे मी तिला सांगून ठेवले आहे. तिचा मुलगा आता वर्षाचा आहे.

सहाव्या सत्राचा निकाल लागला. अकराही जणी उत्तीर्ण झाल्या. माझ्या गुणपत्रकात मिळवलेले एकूण क्रेडिट १३४ दिसतात, कारण ‘पोषण आणि आरोग्य’ खोटे ठरले नाही, फक्त अतिरिक्त ठरले. पदवीच्या हिशेबात १३२ च धरले जातात. वडिलांनी तो आकडा पाहून, जास्तीचे दोन परत मिळतात का, असे विचारले. खत घेताना उरलेले पोते परत करता येते, त्या अर्थाने.

चौथ्या वर्षाचा विचार मी केला होता. संशोधनासह ऑनर्ससाठी सहा सत्रांअखेर साडेसात सीजीपीए, म्हणजे सरासरी श्रेणीगुण, लागतो आणि तो माझा होता. परंतु आमच्या महाविद्यालयात या विषयाचे चौथे वर्ष सुरू झालेले नाही आणि बाहेरगावी राहण्याचा खर्च या वर्षी झेपणारा नव्हता.

पदवी प्रमाणपत्राच्या अर्जाला जोडायचे राहिले होते ते ना-देय प्रमाणपत्र. ग्रंथालय, वसतिगृह, जिमखाना आणि विभागाची प्रयोगशाळा, अशा चार सह्या. पहिल्या तीन अर्ध्या तासात झाल्या. प्रयोगशाळेत मी चित्रांचा तक्ता परत केला, तर परिचर काकांनी तो उलगडून मागची बाजू पाहिली आणि घ्यायला नकार दिला. मागे मी आणि मदतनीस ताईंनी स्केचपेनने नवी चित्रे काढली होती: मोहाची फुले, टोपली, बासरी, ढोल, करवंदे, मुंगूस, आणि प्रत्येकाखाली पावरीतला शब्द देवनागरीत. सामान खराब झाले आहे, नवा तक्ता आणून द्या किंवा ९० रुपये भरा, असे काका म्हणाले, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. मी पैसे भरले, पावती घेतली, चौथी सही घेतली आणि तक्ता गुंडाळून बरोबर आणला. तो आता पाड्यावरच्या अंगणवाडीत खिडकीशेजारी उलटा टांगलेला आहे.